उपाशीपोटी

"हात ढिला सोड गं," डॉक्टर वनमाला सारमळकर म्हणाल्या आणि त्यांनी सुगंधाच्या दंडाला रबरी नळी आवळली. "रात्रीपासून काही खाल्लं नाहीस ना?"

गोवंडीच्या समाजमंदिरात सकाळी दहाला बसून हा प्रश्न त्यांनी नऊ वर्षांत हजारदा तरी विचारला असेल. उत्तराकडे त्यांचं आता लक्षही नसे.

"खाल्लं कुटं? च्या पिला तेवढा, रोजच्यावानी."

सुई हातातच राहिली. "चहा? साखरेचा?"

"बिनसाखरेचा कोन देतो, बाई? सहापासून डंपिंगवर कचरा निवडायचा. चक्कर येती. समद्याच पितात."

"मग इतकी वर्षं कुणी बोलली नाहीत?"

सुगंधा ओशाळली. "तुमी एवढ्या लांबून येता. खेप फुकट जाईल तुमची. वाईट वाटंल म्हनून कुनी बोललं न्हाय."

बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या. वनमालाबाईंनी नळी सोडली.

त्यांचे वडील लालबागच्या गिरणीत होते. माणूस हडकुळा, म्हणून त्यांना मधुमेह असेल असं कुठल्याच डॉक्टरच्या मनात आलं नाही. क्षयाचं औषध घेत घेत ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले. तेव्हापासून वनमालाबाईंच्या डोक्यात एकच भुंगा होता: अंगावर मांस नसलेल्या माणसाच्या रक्तात साखर का वाढते? उपनगरातल्या एका मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवता शिकवता त्यांनी याच प्रश्नामागे उमेदीची वर्षं घालवली. गोवंडीच्या या बायकांच्या रक्तात उपाशीपोटीही साखर आणि इन्शुलिन चढलेलं असतं, असं त्यांचे आकडे सांगत होते. परदेशातल्या मोठ्या नियतकालिकाने तो निबंध स्वीकारला होता. ८६च्या जानेवारीत तो छापून येणार होता.

कॉलेजात येताच त्यांनी डबा न उघडता सगळी रजिस्टरं टेबलावर ओढली. त्यांचा तंत्रज्ञ मॅथ्यू मरोळच्या गावठाणातला, पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली होता. तोही समोर बसला.

"होळी, दसरा, पंधरा ऑगस्ट," त्या म्हणाल्या. "डंपिंग बंद असेल त्या दिवसांचे नमुने वेगळे काढ. तेव्हा चहा न पिता सरळ घरून आल्या असतील."

असे एकेचाळीस नमुने निघाले. तीन-चार सोडले तर सगळ्यांची साखर तुमच्या-आमच्यासारखीच.

विभागप्रमुख डॉक्टर चंद्रप्रकाश त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. त्यांनी कागद चाळले. "एका कपाचं काय घेऊन बसलात, मॅडम? कुणाला कळणार आहे? छापून येऊ द्या ना, मग बघू. चार वर्षांत तुम्ही रिटायर होणार. नंतर काय राहतं?"

"तेच कळत नाहीये," वनमालाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी पार्ल्याला घराच्या फाटकाशी आल्या आणि तशाच पुढे चालत राहिल्या. जुहूपर्यंत गेल्या, वाळूत न उतरता परत फिरल्या, पुन्हा फाटक ओलांडून थेट स्टेशनपर्यंत आल्या. मनात एकच हिशेब चालला होता: कप केवढा, चमचे किती, रक्ताच्या आकड्यांतून किती वजा करता येईल. कितीही मांडला तरी हिशेब सुटेना. कारण कुणी किती प्यायलं हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅथ्यूला टाइपरायटरवर बसवलं. निबंध मागे घेत असल्याचं पत्र.

"कारण काय टाकू, मॅडम? बायका खोटं बोलल्या?"

"नाही." त्या खिडकीपासून दारापर्यंत गेल्या, परत आल्या. "लिही, की मी चुकीच्या वेळी जात होते."

मॅथ्यूने कळा बडवायला सुरुवात केली.

डिसेंबरात त्या मॅथ्यूला घेऊन पहाटे पाचला गोवंडीत पोचू लागल्या. समाजमंदिरात नाही, वस्तीतच, एकेका दारासमोर. पहिल्या दिवशी जुन्या यादीतल्या जेमतेम अकरा जणी उठल्या. सुगंधा सगळ्यांत आधी पुढे आली आणि काही प्यायली नाही हे दाखवायला तिने आपणहून पदराने तोंड पुसलं. काही बायकांनी कड्या काढल्याच नाहीत. वनमालाबाई पुढच्या दाराशी जात राहिल्या.

"द्रौपदी," यादीतलं पुढचं नाव वाचून त्यांनी एका दाराशी हाक मारली.

आतून विशीतली एक पोरसवदा बाई बाहेर आली. "आई दिवाळीत गेली. पायाची जखम भरलीच न्हाय. तुमीच सांगितलेली ना साखर? गोळ्या खायची, पन मधीमधी."

द्रौपदीचा हात वनमालाबाईंना आठवला, तिचा आवाज मात्र काही केल्या आठवेना.

"मी येऊ का तिच्या जागी?" मुलगी म्हणाली. "काय बी खाल्लं न्हाय मी. पानीबी न्हाय."

"पाणी चालतं गं," त्या हळूच म्हणाल्या. "नाव काय तुझं?"

"नलिनी."

त्यांनी द्रौपदीचं नाव खोडलं नाही. रजिस्टरचं पान उलटलं, कोऱ्या पानाच्या पहिल्या ओळीवर नलिनीचं नाव लिहिलं आणि उंबऱ्यापाशी जमिनीवरच गुडघे टेकले. मॅथ्यूने वरून बॅटरी धरली. त्या उजेडात त्या तिच्या हातावरची शीर बोटाने चाचपू लागल्या.