छप्पर उडालेला मथळा

मित्रांनो, फडताळातल्या अंधारात वीस वर्षं काढून मी आता पुन्हा टेबलावर बसलो आहे, आणि तेही ऐटीत. मी एक जुना टाइपरायटर आहे खरा, पण मला साधासुधा समजू नका. वेल्समधल्या समुद्रकाठच्या एका विद्यापीठात मुलं 'वेनोल' नावाचं वेल्श वर्तमानपत्र काढत. त्याचं पान न् पान माझ्या पोटातून गेलं आहे.

मला घडवणाऱ्या कारागिरानं एक जादा कळ बसवली होती. तिच्यावर अक्षर नव्हतं, नुसतं इवलंसं छप्पर होतं. वेल्शमध्ये स्वर लांबवायचा असला की त्याच्या डोक्यावर ते घालतात. त्याला 'तो बाख' म्हणतात, म्हणजेच छोटं छप्पर. ऱ्हस्व-दीर्घावरून तुम्ही कधी बोलणी खाल्ली असतील, तर माझी पुढची कहाणी तुम्हाला चटकन कळेल.

पत्रकारिता शिकवायला प्यू सर होते. माणूस कडक, पण बेदाण्यांच्या पावाचा चुरा माझ्यावर सांडण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. अंक सायक्लोस्टाइल व्हायचा. मेणकागदावर अक्षरं कोरताना माझी फीत बाजूला सारत, त्यामुळे काय उमटलं ते छापून येईपर्यंत नीट दिसत नसे. मेण अक्षरांत अडकायचं, म्हणून मला रोज ब्रशनं घासायचं असा नियम होता. पुढे पुढे मुलं म्हणू लागली, "उद्या घासू!"

त्या वर्षी संपादक होती नेरिस. तिची खोलीतली मैत्रीण लौरी पोटदुखीनं आठ दिवस अंथरुणाला खिळली होती. त्यांच्या वसतिगृहात तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला पिवळट पाणी यायचं. नेरिस दारोदार फिरली, तेव्हा आणखी अकरा मुली आजारी निघाल्या. तिनं बातमी लिहिली आणि मथळा दिला, 'तिसऱ्या मजल्यावरचं पाणी स्वच्छ नाही'.

स्वच्छ म्हणजे 'लान', डोक्यावर छप्पर असलेलं. पण माझं छप्पर मेणानं बुजलं होतं. ते उमटलंच नाही आणि राहिलं नुसतं 'लन'. 'लन' म्हणजे वर!

वसतिगृहाचे अधिकारी बेवनसाहेब. साहेबी रिवाजाप्रमाणे त्यांनी मथळ्यापलीकडे काही वाचलं नाही. लगेच माणूस बोलावून मोठा पंप बसवला आणि तक्रार मिटल्याचा शेरा मारला. आता तेच घाण पाणी जोरात येऊ लागलं. नेरिस धावत त्यांच्याकडे गेली.

"अगं, पाणी वर चढत नाही म्हणालात, चढवलं की!" साहेब म्हणाले. "आता काय, बादल्या भरून आणून देऊ?"

"साहेब, पाणी घाण आहे! लौरीला ताप चढलाय!"

"मग तसं छापायचं होतंत. आता फाइल बंद झाली."

नेरिस तरातरा आली आणि माझ्यावर थाप मारून ओरडली, "सर, सगळी चूक या डबड्याची आहे!"

"असेल," प्यू सर म्हणाले. "शेवटचं कधी घासलं होतंस डबडं?"

"...सुट्टीच्या आधी."

"आणि बातमीखाली नाव कुणाचं होतं? डबड्याचं?"

नेरिसचे डोळे भरून आले. मलाही फार वाईट वाटलं. "आत कुठेतरी बारीक अक्षरात दुरुस्ती टाकू का?" तिनं विचारलं.

"चूक पहिल्या पानावर केलीस ना? मग कबुलीही पहिल्याच पानावर."

तिनं बाह्या वर केल्या. सुईनं माझं छप्पर कोरून काढलं आणि स्पिरिटनं पुसलं. मग तिनं नवा मथळा लिहिला, 'चूक आमची. पाणी वर येतं. स्वच्छ नाही.' आणि मित्रांनो, मी ते छप्पर असं उमटवलं की कागद फाटतो की काय असं वाटलं!

दुपारपर्यंत सगळं विद्यापीठ हसत होतं, बेवनसाहेब सोडून. संध्याकाळी गच्चीवरची टाकी उघडली, तर आत मेलेला समुद्रपक्षी निघाला. आठवड्याभरात लौरी उठून बसली आणि माझ्याशेजारी पाव खाऊ लागली. तिनं सांडलेल्या चुऱ्याचा मला मुळीच राग आला नाही.

पुढे संगणक आले आणि माझी रवानगी फडताळात झाली. गंज चढला. माझी आठवणही कुणाला नसावी असं वाटे. पण एके दिवशी दार उघडलं आणि पांढऱ्या केसांच्या एका बाईंनी हात घातला तो थेट माझ्या छपराच्या कळेवर. नेरिस आता इथेच पत्रकारिता शिकवते.

दरवर्षी नव्या मुलांचा पहिला तास माझ्यापाशी होतो. ती मुलांना माझ्यावर एकच शब्द लिहायला लावते, 'लान'. तुम्ही माझ्याकडे आलात तर आधी ब्रश उचला. माझ्या एका कळेतल्या चिमूटभर मेणापायी बारा मुली आणखी चार दिवस ते पाणी पीत राहिल्या होत्या.