आठवडाभर चमचा बंद

ठमीचं तोंड उघडता उघडता शिंप्याच्या नाकी नऊ आले होते. पोरगी तेरा महिन्यांची झाली, तरी बाटलीतल्या दुधापलीकडे काही घ्यायला तयार नव्हती. ती सातव्या महिन्यातच जन्मली, आणि पहिले दहा आठवडे नाकातल्या नळीतून दूध प्यायली. तेव्हापासून तोंडाजवळ काही आलं की तिला ते संकटच वाटायचं. चमचा दिसला की ओठ घट्ट आणि मान भिंतीकडे. जबरदस्ती केली की उमासे, आणि उमाशांपाठोपाठ सगळं बाहेर.

बायको तपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला, सकाळी आठला घराबाहेर पडायची. शिंपी घरीच शाळेचे गणवेश शिवायचा. मदतीला सासूबाई येऊन राहिल्या होत्या.

दर मंगळवारी दवाखान्यात तिची खायला शिकण्याची थेरपी असायची. थेरपिस्ट ताई ठमीला उंच खुर्चीत बसवायच्या, पुढच्या ट्रेवर उकडलेला भोपळा ठेवायच्या आणि गप्प बसायच्या. ठमी भोपळ्यात हात बरबटवायची, केसांना चोपडायची. खायची काही नाही.

"हा काय उपचार झाला?" शिंपी घरी येऊन करवादायचा. "पोरीला खायला शिकवायचं की रंगकाम?"

सहाव्या मंगळवारी ताईंनी कहरच केला. म्हणाल्या, "आठवडाभर चमचा बंद. दूध चालू ठेवा. डॉक्टरांचं तिच्या वजनावर लक्ष आहे. बाकीचं तिला हाताळू दे. तोंडात मात्र कोणी काही घालायचं नाही."

शिंप्याने कपाळावर हात मारला.

तीन दिवस त्याने कसेबसे काढले. चौथ्या दिवशी वजन केलं, तर शंभर ग्रॅम कमी. त्याचा धीर सुटला. सासूबाई आंघोळीला गेल्या तशी त्याने ठमीपुढे मोबाइलवर नाचणारं अस्वल लावलं आणि वाटीत केळं कुस्करलं. तिचं लक्ष अस्वलाकडे, तोंड अर्धवट उघडं. एक चमचा गेला. दुसरा गेला. तिसराही गेला! शिंपी हरखला. चौथ्याला ठमी ठसकली, आणि सगळं केळं टेबलावरच्या नव्याकोऱ्या गणवेशांवर येऊन पडलं.

संध्याकाळपासून बाटली पाहिली तरी ती किंचाळायला लागली.

मंगळवारी ताईंनी खुर्ची पुढे ओढताच ठमीने दोन्ही हात तोंडावर धरले. ताई थबकल्या. "तोंडात कोणी घातलं का काही?"

शिंपी खिडकीबाहेर बघत राहिला. सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "माझंच चुकलं हो. म्हाताऱ्या माणसाचा हात, राहवत नाही."

शिंप्याने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. आंघोळीहून आल्यावर बादलीत भिजत घातलेले गणवेश त्यांनी पाहिले होते. चकार शब्द काढला नव्हता.

"नाही हो ताई, मी घातलं," तो एकदम बोलला. आवाज चढला. "काय करणार? तुम्ही म्हणता थांबा, डॉक्टर म्हणतात वजन वाढवा, ते शंभर ग्रॅम उतरलं, बायको रोज विचारते आज काय खाल्लं, आणि ही पोरगी ओठ शिवून बसते! मी बाप आहे तिचा. नुसता बघत बसू?"

"हो," ताई म्हणाल्या. "तेच सगळ्यात अवघड असतं. आणि शंभर ग्रॅम इकडेतिकडे होतातच. तेव्हा मला फोन करायचा."

बाहेर आल्यावर तो सासूबाईंना म्हणाला, "आई, तुम्ही कशाला अंगावर घेतलंत?"

"तुम्हाला आधीच सगळे बोलतात, त्यात ताईंची भर कशाला?" त्या म्हणाल्या. "धरा हिला, मला चप्पल घालू द्या."

मग सगळं पहिल्यापासून. दोन दिवसांत बाटली परत जमली. ठमी ट्रेवर भोपळा थापायची आणि शिंपी समोर हाताची घडी घालून बसायचा. हात वळवळला की सासूबाई खाकरायच्या.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ठमीने भोपळ्याने माखलेलं बोट स्वतःहून तोंडात घातलं. तोंड वाकडं केलं. बोट बाहेर काढून नीट पाहिलं, आणि पुन्हा घातलं.

शिंप्याने बायकोला फोन लावला. "खाल्लं तिने!"

"किती?"

"एक बोट."

पलीकडे बायको रडत होती की हसत होती, ते त्याला कळलं नाही.

मंगळवारी त्याने उतावीळपणे विचारलं, "मग आता पुढे काय?"

"पुढच्या आठवड्यात हेच," ताई म्हणाल्या.

"परत भोपळा?"

"परत भोपळा."

अर्धी वाटी खायला ठमीला आणखी चार महिने लागले. केळ्याला मात्र ती अजून हात लावत नाही.