जावेचं दुखणं

चिंचणीच्या जमनाला धाकट्या जावेचा, हंसाचा, हेवा वाटायचा तो तिच्या दुखण्याचा. बोईसरच्या डॉक्टरने हंसाला रुमेटॉइड आमवात सांगितला आणि घरात तिचा मान वाढला. सासू साखरबाई तिला गार पाण्यात हात घालू देईना. कारखाने आल्यापासून बोईसरला मासळीला गिऱ्हाईक भरपूर, पण पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणं आता एकट्या जमनाच्या वाट्याला आलं. तिचेही गुडघे कुरकुरायचे, त्यावर सासूचं एकच, "वय झालं." एक तुपाशी, एक उपाशी! जमनाचा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी एक दिवस पाटी रिकामी करून ती त्याच डॉक्टरकडे गेली. "मनापन जावेचंच हाय, बगा."

त्याने गुडघे दाबून पाहिले, बोटं तपासली. "सांधे दुखले की लोक सगळ्यालाच संधिवात म्हणतात, बाई. तुमची झीज आहे. ओझं वाहून वाहून गुडघ्यातली गादी झिजली. आमवात वेगळा. त्यात रोगाशी लढणारी अंगातली शक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. दोन्ही हातांची बोटं सुजतात, सकाळी बराच वेळ आखडून राहतात. तो तुम्हाला नाही."

दुसरी असती तर देवीला नारळ फोडती. जमनाचं तोंड मात्र उतरलं. झीज काय, चपलेचीही होते! असल्या दुखण्याला घरात कोण विचारणार?

घरी ओटीवर सासू आणि हंसा बसल्या होत्या. जमनाने ठोकून दिलं, "मनापन आमवातच हाय. डॉक्टर बोलला, पाटी उचलू नुको."

साखरबाई कपाळाला हात लावून आत गेली. हंसा मात्र रडायलाच लागली. जवळ सरकून तिने जमनाची बोटं हातात घेतली.

"तुजीपन वाकडी होनार गो, जाऊबाय? मना डॉक्टर बोललाय, औशद घेतलं तरी बोटं वाकू शकतात. घरात कोनाला सांगितलं नाय मी. पोरीच्या वेन्या घालाला जमंल का नाय, त्याचाच घोर लागलाय."

जमनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाय गो हंसा. खोटं बोलले मी. माजी गुडघ्याची झीज हाय."

"बरं झालं," हंसा म्हणाली. डोळे पुसून ती जमनाच्या सरळ, धडधाकट बोटांकडे बघत राहिली. त्या नजरेतला हेवा जमनाने लगेच ओळखला. इतके दिवस तो तिच्याच डोळ्यांत होता.