कायद्यानं तोंड बुजवलेला पाइप

मित्रांनो, हेमलॉक नदीच्या काठावर, कागदाच्या कारखान्यामागे, तोंडात सिमेंटचा बोळा कोंबलेला एक जुना लोखंडी पाइप पडून आहे. तो मी. अंगावर गंजाचे पापुद्रे सुटले आहेत, पण माझं दुखणं गंजाचं नाही. आयुष्यभर मी चांगलं काम केलं की वाईट, हेच मला अजून उमगलेलं नाही.

भट्टीतला जन्म मला आठवत नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या या गावात मला ट्रकवरून आणलं आणि जमिनीत बसवताना कुणीतरी माझ्या पाठीवर बिअर ओतली, एवढं आठवतं. तेव्हापासून कारखान्याचं सांडपाणी नदीत सोडायचं, हे माझं काम. गुलाबी कागद निघाला की नदी गुलाबी व्हायची, हिरवा निघाला की हिरवी. मला वाटायचं, नदी रंगवायलाच मला ठेवलं आहे.

माझी निगा कॅसिमिर डोंबेक राखायचा. तो माझ्या तोंडावरची जाळी साफ करी, सांध्यांना डांबर फासे आणि पान्यानं पाठीवर ठोकून म्हणे, "ओक, म्हाताऱ्या, ओक. तू तुंबलास तर सगळं गाव तुंबेल." नदीचा वास दूरवर जायचा. गावकरी म्हणायचे, हा पगाराचा वास आहे. शुक्रवारी सगळे चर्चच्या तळघरात तळलेले मासे खायला जमत, पण दाराशी नदी असून ते मासे लांबच्या तळ्यावरून बर्फात घालून येत. हे मला कधी विचित्र वाटलं नाही. कॅसिमिरची मुलगी लॉरेन तेव्हा माझ्यावर बसून पाय हलवायची. पुढे ती शिकायला शहरात गेली.

मग वॉशिंग्टनहून नवनव्या बातम्या येऊ लागल्या. दुपारी कामगार माझ्यापाशी सँडविच खायला बसत, त्यांच्या बोलण्यातून मला कळे. राष्ट्राध्यक्षांनी पर्यावरणाचं वेगळं खातं उघडलं. हवेच्या कायद्यावर सही केली. मग नदीत घाण सोडायला बंदी करणारा पाण्याचा कायदा आला, तर तो त्यांनी परत धाडला, फार खर्चाचा आहे म्हणाले. कामगारांच्या जिवात जीव आला. पण लगेच काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, राष्ट्राध्यक्षांचा नकार बाजूला सारून कायदा मंजूर केला. मी चक्रावून गेलो. ज्यानं खातं उघडलं त्यानंच नाही म्हटलं, आणि त्यानं नाही म्हटलं तरी कायदा झालाच. लगद्याच्या यंत्रावरचा एल्मर विचारत होता, मग हा कायदा नक्की कुणाचा?

त्यानंतर लॉरेन परत आली, ती सरकारी नोकरीत, हातात काचेची बाटली घेऊन. माझं पाणी तपासायचं काम तिच्याकडे होतं. ती यायच्या आधी मॅनेजरनं कॅसिमिरला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. कॅसिमिरनं माझ्या झडपेचं चाक फिरवून सांडपाणी अडवलं. वरून स्वच्छ पाणी सोडलं. मला काही समजेना. असं पाणी माझ्यातून कधी गेलंच नव्हतं. लॉरेननं बाटली उजेडात धरली, मग वडिलांकडे पाहिलं. बाटलीला बूच लावून ती निघून गेली. त्या दिवशी कॅसिमिरनं मला ठोकलं नाही.

पुढच्या खेपेला मॅनेजरनं पुन्हा तेच सांगितलं. कॅसिमिरनं चाक दोन्ही हातांनी धरलं. धरून ठेवलं. मी वाट पाहत राहिलो. चाक फिरलं नाही.

लॉरेन आली तेव्हा मी नेहमीसारखा ओकत होतो. करडा, फेसाळ लगदा.

"भर बाटली," कॅसिमिर म्हणाला. "आज खरं आहे."

"बाबा, कारखाना बंद झाला तर?"

"ते मला कळत नाही, पोरी. तुझ्या तोंडावर खोटं सोडायचं एवढंच मला जमत नाही."

तिनं बाटली भरली.

कॅसिमिरनं काय केलं ते गावाला कळायला वेळ लागला नाही. दुपारी त्याच्याजवळ कुणी बसेना. चर्चमध्ये त्याच्या बाकावरचे लोक उठून दुसरीकडे बसू लागले. पण कारखाना बंद झाला नाही. मालकानं मुदत मागून घेतली आणि मागच्या माळावर पाणी शुद्ध करायची मोठी टाकी बांधली. खर्च भरून काढायला लगद्याचं एक यंत्र मात्र बंद केलं, आणि एल्मरची नोकरी गेली. जाताना तो कॅसिमिरला म्हणाला, "तुझी पोर वाईट नाही. पण मी कुठं जाऊ?" कॅसिमिरनं त्याची डब्याची पिशवी उचलून फाटकापर्यंत नेली.

शेवटी सगळं सांडपाणी टाकीकडे वळवलं आणि माझी गरज उरली नाही. कॅसिमिरनंच सिमेंट कालवलं. ज्या हातांनी माझी जाळी साफ केली त्याच हातांनी माझं तोंड बुजवलं, थापीनं हळुवारपणे, कडा नीट सारख्या करत. मी काय चुकलो, ते त्यानं सांगितलं नाही. बहुधा त्यालाही ठाऊक नसावं.

आता उन्हाळ्यात माझ्यापाशी मुलं पाण्यात उड्या मारतात. त्यांचा आरडाओरडा मला सिमेंटमधून ऐकू येतो. तो ऐकून बरं वाटतं, आणि एल्मर आठवला की बरं वाटेनासं होतं.

मित्रांनो, कायदा मला कळत नाही. एवढंच कळतं, की माझी इतकी निगा राखली गेली आणि माझ्या तोंडापुढे काय आहे ते कितीतरी वर्षं कुणी वाकून पाहिलं नाही. तुमच्या घरातून, शाळेतून, कारखान्यातूनही माझा एखादा भाऊबंद निघत असेल. त्याच्या कडेकडेनं एकदा चालत जा. तो जिथं संपतो तिथं थोडं थांबा, आणि तिथं कोण कोण राहतं ते पाहून या.