बर्फवाल्या गसचा कर्णा

मित्रांनो, अंगावर गंज आहे, कडेला पोचा आहे, म्हणून हसू नका. मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे. ओहायोतल्या आमच्या गावात एके काळी माझा आवाज थेट नदीपलीकडे जात असे.

मला घडवले ते ऑगस्ट रॅडमेकर यांच्यासाठी. त्यांचा बर्फाचा कारखाना होता, म्हणून सारे त्यांना बर्फवाले गस म्हणत. आधी मी घोडागाडीवरून बर्फ विकला. मग गस निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा मते मागितली. ते महापौर झाले, त्यांनी गावाचा बेसबॉल संघ विकत घेतला आणि मी मैदानावर खेळाडूंची नावे पुकारू लागलो. काय तो थाट! गस मला रोज स्वतः पुसत, अगदी आतूनसुद्धा. बोलण्याची मात्र त्यांना भारी खोड. त्यांची बायको हिल्डा म्हणायची, "अहो, तुमच्या जिभेवर बर्फाची एक लादी ठेवायला हवी!"

त्या सप्टेंबरात आमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, क्लेम व्हॉस शेवटचा सामना खेळत होता. चेंडू फेकून फेकून त्याचा खांदा गेला होता. आणि नेमके त्याच दिवशी आठ डाव झाले तरी पाहुण्या संघातल्या एकाही गड्याला त्याचा चेंडू धड मारता आला नाही! नववा, म्हणजे शेवटचा डावही असाच गेला, तर पिचरचे जन्मभर नाव होते. पण तोवर ती गोष्ट कोणी तोंडातून काढायची नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. काढली की दृष्ट लागलीच. बाकावर क्लेमच्या शेजारी कोणी बसेना. शेंगदाणेवालासुद्धा गप्प होता.

नवव्या डावात शेवटचा एकच गडी बाद व्हायचा राहिला. गस मला घेऊन उठले.

"अहो, बसा!" हिल्डाने कोट ओढला.

"अगं, नुसत्या टाळ्या वाजवा म्हणतो."

खरेच तेवढेच म्हणायचे होते हो! पण मंगळवारी मतदान, समोर भरलेले मैदान, जीभ घसरली. "मतदारहो! आपल्या क्लेमचा एकही चेंडू अजून कोणाला मारता आलेला नाही!"

हे माझ्याच तोंडून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पुढच्याच चेंडूवर खणखणीत टोला बसला. सामना आम्ही जिंकलो, पण कोणी टोपी उडवली नाही. मंगळवारी गस सपाटून पडले.

सामन्यानंतर ते क्लेमकडे गेले होते. "क्लेम, मी तुझा घात केला रे."

क्लेम बूट सोडत होता. "साहेब, चेंडू माझ्या हातातून सुटला, तुमच्या तोंडातून नाही. पण तुम्ही गप्प बसला असतात, तर काय बिघडलं असतं?"

पुढे गस दर सामन्याला मला मांडीवर उलटा ठेवून मुकाट बसत. शेजारी क्लेम असे. बरीच वर्षे गेली आणि एका नव्या पिचरवर तीच वेळ आली. नववा डाव, शेवटचा गडी. सारे मैदान मागे वळून गसकडे पाहू लागले. त्यांनी माझे तोंड तळहाताने गच्च दाबून धरले. गडी बाद झाला!

"आता बोला, साहेब," क्लेम म्हणाला.

"बोल, बर्फवाल्या, बोल!" सारे ओरडले.

गसनी मला तोंडाला लावले. म्हाताऱ्याचा हुंदका तेवढा मैदानभर ऐकू गेला.

आता मी माळ्यावर पडून आहे. मित्रांनो, मला खाली काढा, गस पुसत तसे आतूनही पुसा. आणि तोंडाला लावण्याआधी एवढे पाहा, की ज्याचा डाव आहे, त्याचा तो पुरा झाला आहे ना.