मासे किती पाणी पितात

बसचालक निवृत्त झाले आणि त्यांनी घरी भलामोठा फिशटँक आणला. आयुष्यभर इंजिनाच्या काट्यावर नजर ठेवलेला माणूस. आता स्टूल टाकून टँकच्या तापमापकासमोर बसू लागला. माशांना गारठा बाधू नये म्हणून हीटर चढवलेला, खिडक्या बंद. टँकला झाकणही नाही. का, तर माशांचा जीव गुदमरेल.

"अहो, इथे माझा जीव गुदमरतोय, त्याचं काय?" शिलाई मशीनवरून बायको म्हणाली. लोकांचे कपडे ती घरीच शिवायची.

"तुला पोहता येत नाही. तुला नाही कळायचं."

दर दोन-चार दिवसांनी ते टँकमध्ये बादलीभर पाणी ओतायचे.

"एवढं पाणी जातं तरी कुठे?"

"मासे पितात." ते इतक्या ठामपणे म्हणाले, की तिलाही क्षणभर पटलं.

पुढे कपाटाचं दार फुगून लागेनासं झालं. भिंतीवर काळे ठिपके उठले. आणि एके दिवशी एका गिऱ्हाइकाने मखमली ब्लाउज हुंगून नाक मुरडलं. "कुबट वास येतोय हो." हे मात्र बायकोला झोंबलं. तिच्या शिलाईला आजवर कुणी नाक मुरडलं नव्हतं.

नवऱ्याने भिंतीची पाहणी केली आणि निकाल दिला: वरच्या दंतवैद्यबाईंचं न्हाणीघर गळतंय. तरातरा वर जाऊन ते बोलूनही आले. दंतवैद्यबाई शांतपणे त्यांच्या मागोमाग खाली आल्या, घरात पाऊल टाकलं आणि त्यांचा चष्मा पांढरा झाला.

"भाऊ, कुठे आहात? मला काही दिसेना."

त्यांनी चष्मा पुसला. तो पुन्हा धुरकटला. मशीनमागे बायकोने पदर तोंडात कोंबला. दंतवैद्यबाईंनी खिडकीच्या काचेवर बोट फिरवलं, तशी पाण्याची धार खाली ओघळली.

"माझं न्हाणीघर वर आहे हो. तुमच्या खिडकीत नाही."

चालकसाहेबांची नजर खिडकीवरून टँककडे आणि टँकवरून बादलीकडे गेली. टोमणा मारायची एवढी आयती संधी सोडून बायको उठली. गळ्यातली टेप काढून तिने ब्लाउजचं माप घ्यावं तसं टँकचं माप घेतलं.

"काचवाल्याकडून झाकण करून आणा. नळी जाण्यापुरती कोपऱ्यात फट ठेवायला सांगा."

"आणि हवा?"

"तो बुडबुडे काढणारा पंप काय शोभेला ठेवलाय?"

झाकण आलं. मासेवाल्या दुकानदाराला विचारून हीटर थोडा उतरवला, खिडक्या उघडल्या. पहिल्या दिवशी दिवसभर ते झाकणावर हात ठेवून बसले होते, मासा कासावीस झाला की उचलायला. मासे नेहमीसारखे खायला वर आले, खाऊन खाली गेले. बादली कोरडीच राहू लागली, तेव्हा मात्र कुणी ड्युटी काढून घेतल्यासारखे ते घरभर हिंडले. मग बायकोनेच त्यांच्या हातात घासणी दिली. त्यांनी भिंत घासली, रंगवली. कपाटाचं दार हळूहळू सुकून लागायला लागलं. मखमलीला ऊन दाखवलं, गिऱ्हाईक खूश होऊन गेलं.

एकदा दोघं बाजारातून परतताना जिन्यात दंतवैद्यबाई भेटल्या.

"झाकण हवंच हो," चालकसाहेब म्हणाले. "मी पहिल्यापासून सांगत होतो, पण घरात ऐकतं कोण?"

दंतवैद्यबाईंनी हळूच बायकोकडे पाहिलं.

"हो ना," बायको म्हणाली, "माझंच डोकं चाललं नाही." आणि हातातल्या दोन पिशव्यांतली जड पिशवी तिने त्यांच्या हातात दिली.