मेणबत्तीची बरणी

मी इकितोस शहरातल्या एका प्रयोगशाळेतली जाड काचेची बरणी बोलतेय. रूप म्हणाल तर बेताचंच. पण डॉक्टर नेलिदांनी मला हिवतापाचे जंतू वाढवायच्या कामाला लावलं.

रक्ताच्या थाळ्या माझ्या पोटात ठेवायच्या, शेजारी मेणबत्ती पेटवायची आणि झाकण लावायचं. ज्योत आपोआप विझली की उरलेली हवा या जंतूंना मानवते. मग मला उबदार कपाटात ठेवत.

माझ्यातले जंतू लिसेत नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या रक्तातून आले होते. कुठल्याच औषधाला ते बधले नाहीत आणि पोर गेली.

"मेले साखरेवर जगतात," नेलिदाबाई म्हणायच्या. "तोंडचा घासच काढून घेते त्यांच्या."

तसं औषध हाती आलंही होतं, याच जंतूंवरची शेवटची चाचणी तेवढी राहिली होती. त्यातच वीज गेली आणि जंतूंचा गोठवलेला साठा नासला. आता ते जंतू फक्त माझ्यापाशी उरले.

लिसेतची आई सोराईदा तिथेच साफसफाई करायची. लेकीचं काहीतरी माझ्यात जिवंत आहे, एवढंच तिला ठाऊक. माझ्यावर तिचं फडकं जरा जास्तच रेंगाळायचं.

नोव्हेंबरची पहिली तारीख आली. त्या सणाला अख्खं शहर आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतं आणि त्या विझू देत नाही. प्रयोगशाळेला तीन दिवस सुट्टी होती. सकाळी फरशी पुसायला आलेल्या सोराईदाने कपाट उघडलं.

"आजच्या दिवशी तरी अंधारात नको गं," ती पुटपुटली.

तिने मला टेबलावर आणलं, झाकण काढलं आणि नवी मेणबत्ती लावली. एक संपली की दुसरी. मला ओरडून सांगायचं होतं, पण काचेला कुठला आवाज?

सुट्टी संपल्यावर नेलिदाबाईंनी थाळ्या तपासल्या. सगळे जंतू मेले होते.

"बरणी कुणी उघडली?"

"मी. सणाला विझलेली कशी ठेवायची, बाई? मला वाटलं, तुम्ही विसरलात."

बाईंनी तिला खुर्चीवर बसवलं. "विसरलेच. ती विझायलाच हवी असते, हे तुला सांगायचं विसरले."

सोराईदाला सगळं कळलं तेव्हा ती मला धरून रडली. बाईही रडल्या.

आता तसले जंतू पुन्हा हवेत, तर तसंच एखादं तापाने फणफणलेलं लेकरू या दारात यायला हवं. नेलिदाबाई वाट बघतात आणि आपण वाट बघतो याची त्यांना लाजही वाटते. मी फळीवर पडून आहे. सोराईदा अजून माझी काच पुसते. काम गेल्याचं दुःख मला फार आहे, तरी एक मागते: मला रिकामीच राहू दे.